बिल वाढवा

हॉटेलात जेवायला जाणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण लोक जेवून उठतात कसे हे बघायला हॉटेलात जाणारा माणूस जगात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला, याला मी माझं नशीब म्हणतो. चांगलं की वाईट ते अजून ठरलेलं नाही. तुम्ही-आम्ही हॉटेलात शिरलो की आधी पंखा कुठे आहे ते बघतो आणि मग शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बघतो. आमचा साडू भिंतीला पाठ लावून बसतो, एक चहा मागवतो आणि त्या चहावर साय धरून तिची गोधडी होईपर्यंत समोरच्या अनोळखी माणसांच्या शेवटच्या घासाकडे टक लावून राहतो. त्यांनी भाताचा शेवटचा घास घेतला की याची पाठ ताठ होते. बडीशेपेची बशी आली की हा खुर्चीच्या टोकाला येतो. आणि त्यांच्यापैकी कोणी खिशाकडे हात नेला की याच्या तोंडून, चारचौघांत, हळूच पण स्पष्ट ऐकू येईल असं निघतं, "आता!"

हे वेड नव्हे, ही नोकरी आहे, असं त्याचं म्हणणं. बंगळूरची एक कंपनी हॉटेलांसाठी मोबाइलवरचं अ‍ॅप बनवते, तिच्यात हा स्क्रीन आखायचं काम करतो. जेवणाऱ्याने टेबलावर चिकटवलेला चौकोन आपल्या फोनने टिपायचा, बिल फोनवर उमटायचं, एक बटण दाबायचं की पैसे पोचले. वेटरला हात करकरून खांदा दुखवून घ्यायला नको. यातलं ते शेवटचं बटण, आणि तेही मराठीत, आमच्या साडूकडे होतं. "एका बटणासाठी पगार देतात?" असं माझ्या बायकोने एकदा भाबडेपणाने विचारलं. त्यावर तो फार गंभीर झाला. "ताई," तो म्हणाला, "बटण दिसायला लहान असतं. पण ते दाबायच्या आधी युजरच्या मनात काय काय होतं ते बघाल तर झोप उडेल तुमची." बायकोची झोप उडाली नाही. त्याची मात्र उडालेली होती, हे आम्हाला पुढे कळलं.

या नोकरीवर त्याचा जीव का होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं निव्वळ चक्रमपणा वाटेल. लग्न झाल्यापासून तो विरारला फुलपाड्यात राहतो; पण राहतो म्हणजे काय, सकाळी अंधारात घर सोडायचं आणि रात्री अंधारात परत यायचं. आपलं गाव दिवसा कसं दिसतं हे त्याला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. मग ही घरी बसून करायची नोकरी लागली आणि हा माणूस वेडावलाच. सकाळी दहा वाजता बाजारात वेलची केळ्यांच्या टोपल्या उतरतात, दुपारी कोणाच्या तरी वाडीतला सोनचाफा घेऊन एक बाई येते, चार वाजता कोपऱ्यावरच्या हॉटेलात भज्यांचा दुसरा घाणा निघतो, या गोष्टी तो मला फोन करून सांगायचा, जणू मी परदेशात असतो. मी आचोळ्याला राहतो, म्हणजे नालासोपाऱ्यात. "दादा, उन्हात आमची बिल्डिंग पिवळी दिसते हो! मी इतकी वर्षं तिला करडी समजत होतो." कंपनीने त्याला घरी बसू दिलं होतं ते एवढ्याचसाठी, की मराठी स्क्रीन बघायला मराठी गावात राहणारा माणूस हवा. मराठी बटण चाललं तर तो इथेच. नाही चाललं तर मराठी स्क्रीनच बंद, आणि त्याने बंगळूरच्या ऑफिसात जाऊन बसायचं. तेव्हा त्या बटणावर त्याचं ऊन टांगलेलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणून तो जीव तोडून अभ्यास करायचा. वसईच्या एका हॉटेलात कोपऱ्यात एक तरुण जोडपं बसलं होतं. साडू त्यांच्याकडे इतका वेळ आणि इतक्या आस्थेने बघत राहिला की तो मुलगा शेवटी पांढरा पडून उठला आणि याच्या टेबलाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "काका, तुम्हाला हिच्या पप्पांनी पाठवलंय का?" साडू म्हणाला, "नाही. पण बिल तू देणार की ती?" मुलाची खात्रीच पटली. दोघं पुढ्यातली आइस्क्रीमं तशीच टाकून निघून गेली, आणि बिल अर्थातच साडूला द्यावं लागलं. त्याचंही त्याला दुःख नव्हतं. "पळून जाणारा युजर आपण धरलाच नव्हता," असं म्हणून त्याने तो मुद्दा अभ्यासात घेतला.

बिल देणाऱ्या माणसांच्या जाती त्याने पाडल्या होत्या. हात धुवायला म्हणून उठून गुपचूप गल्ल्यावर पैसे देऊन येणाऱ्यांना तो बेसिनवाले म्हणायचा आणि त्यांच्याविषयी बोलताना त्याचा आवाज हळवा व्हायचा. दुसरे चाचपणीवाले; हे पाकीट सोडून अंगावरचे बाकी सगळे खिसे तपासतात, आणि पाकीट सापडतं तेव्हा दुसऱ्याने पैसे दिलेले असतात. पण त्याचा खरा जीव होता तो 'मी देतो, मी देतो' या कुस्तीवर. सासूबाईंच्या वाढदिवसाला आम्ही सगळे विरारमध्येच जेवायला गेलो होतो. बिल आल्यावर मी आणि मेहुणा नेहमीप्रमाणे भिडलो. मी त्याचं मनगट धरलं, त्याने माझं पाकीट धरलं. तेवढ्यात साडू ओरडला, "थांबा! दादा, मघाशी मनगट धरलंत ते उजव्या हाताने की डाव्या? फोन कोणत्या हातात होता? पुन्हा पहिल्यापासून करा." आणि आम्ही, काय सांगू, खरोखरच पुन्हा पहिल्यापासून केलं. हॉटेलचा मॅनेजर हात बांधून बघत उभा. तिसऱ्या खेपेला आम्ही दमून बसलो तेव्हा कळलं, सासूबाईंनी मधल्या वेळात स्वतःच्या पर्समधून पैसे देऊन टाकले होते. स्वतःच्याच वाढदिवसाला.

घरीही सुटका नव्हती. मेहुणीने मला एकदा फोन करून तक्रार केली, "भाऊजी, तुम्ही तरी समजवा यांना. जेवायच्या टेबलावर चौकोन चिकटवलाय. जेवण झालं की पुठ्ठ्याचा फोन पुढे करतात, त्याच्यावरचं बटण दाबल्याशिवाय उठू देत नाहीत. मी म्हटलं, आधी ताट उचला." पोरं बिचारी शाळेला जायच्या घाईत बटण दाबून मोकळी व्हायची. पण गणपतीत सोसायटीचे सेक्रेटरी दर्शनाला आले, प्रसादाचा शिरा खाल्ला आणि उठायला लागले, तर साडू पुठ्ठ्याचा फोन घेऊन समोर. "घाबरू नका, मनात येईल तसं करा," एवढंच बोलला. सेक्रेटरींच्या मनात काय यायचं ते आलं. त्यांनी पाकीट काढलं, टेबलावर पैसे ठेवले, आरतीच्या तबकाला हात लावून नमस्कार केला आणि गेले. मेहुणीला ते पैसे परत करायला त्यांच्या घरी जाताना जिना चढवेना.

पण खरी गोष्ट बटणाच्या आकाराची नव्हती, रंगाची नव्हती. बटणावर लिहायचं काय याची होती. इंग्रजीत 'पे' म्हटलं की झालं. मराठीत काय म्हणायचं? ऐन दुपारी तो हा प्रश्न घेऊन आमच्या घरी आला, तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती.

मी म्हटलं, "सोपं आहे. 'बिल द्या' लिहा."

"दादा, 'बिल द्या' हे कोण कोणाला म्हणतं? गिऱ्हाईक वेटरला म्हणतं. इथे तर फोन गिऱ्हाइकाला म्हणणार. दोघं एकमेकांना 'बिल द्या, बिल द्या' म्हणत बसतील. पूर्ण लूप!"

"मग 'बिल भरा'."

"ते लाइटचं. माणूस मासे खाऊन ढेकर देतोय आणि त्याला मीटर आठवतो. मूड जातो युजरचा."

बायको आतून म्हणाली, "'बिल चुकवा' लिहा की."

साडूने डोळे मिटले. "ताई, चुकवा म्हणजे द्या, आणि चुकवा म्हणजे टाळा. आमच्या कंपनीच्या बटणावर 'बिल चुकवा'? हॉटेलवाले धरून मारतील मला." 'फेडा'ला कर्जाचा वास येतो म्हणून ते गेलं. 'मिटवा' म्हणजे भांडण झालंय असं वाटतं. 'पैसे द्या' म्हणजे दारात वसुलीवाला. 'बिल संपवा' मी गमतीने म्हटलं तर तो खरोखरच रागावला. "भरल्या पानाशी बसून 'संपवा' म्हणायचं? आपल्यात पीठ संपलं तरी संपलं म्हणत नाहीत दादा, वाढलं म्हणतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढ..." आणि तिथेच तो थांबला. हातातला चहा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते बघून मी त्याला तिथेच थांबवायला हवं होतं, पण इतके दिवस झोप न झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं की ते पुसायला हात धजत नाही. शिवाय मलाही त्या घटकेला ते पटलं होतं, हे खरं. चहाच्या टेबलाशी बसून ऐकलं तर ते फार सुंदर वाटतं.

चाचणीला जागा ठरली ती चिंचोटीच्या धबधब्याच्या वाटेवरच्या काकींच्या हॉटेलची. काकी मूळच्या कामणकडच्या, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं हॉटेल. बोंबील, तांदळाची भाकरी आणि आल्यागेल्याची चौकशी या तीन गोष्टींवर ते चालतं. साडूवर त्यांचा लोभ होता, कारण याच्यासारखं निरखून त्यांच्या हॉटेलकडे दुसऱ्या कोणीच कधी बघितलेलं नव्हतं. रविवार गाठला, गर्दी चांगली होती. टेबलांवर चौकोन चिकटवले. पाण्याच्या जगला एक फोन टेकवून ठेवला, त्याच्यातून बंगळूरच्या ऑफिसातली साडूची साहेब, एक तरुण मुलगी, बघत होती. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. साडू नवा सदरा घालून भिंतीला टेकून उभा राहिला. मी आणि मेहुणी कोपऱ्यात जीव मुठीत धरून बसलो.

पहिलं टेबल जेवून उठलं ते चौघांचं कुटुंब होतं. बापाने फोन चौकोनावर धरला, चष्मा लावला, आकडा वाचला, खालचं हिरवंगार बटण वाचलं आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाला, "बिल वाढवा? अजून वाढवा? आधीच पापलेटला काय भाव लावलाय बघा!"

पलीकडे नालासोपाऱ्याची पोरं बसली होती. त्यांच्यातला एक म्हणाला, "भाई, दाबून बघ ना, किती वाढतंय!" दुसऱ्याने मजेत दाबलं. बटणाने आपलं काम चोख केलं. क्षणात पैसे गेले. "अरे, सगळेच कट झाले! वाढवून कट झाले!" अशी आरोळी उठली. तिसऱ्या टेबलावर एक आजोबा होते. त्यांनी जावयाच्या फोनवर ते बटण फार समाधानाने दाबलं आणि ताट थोडं पुढे करून वाट बघत बसले. जावयाने विचारलं, "काय हवंय बाबा?" तर म्हणाले, "भात वाढणार आहेत ना?"

काकी कालथा घेऊनच बाहेर आल्या. "कोनी वाढवलं बिल? मी काय वाढवलं नाय! भाव हाय तोच हाय. पानी पन फुकट देते मी. ह्यो फोन काय बोलतंय?" आणि साडूकडे बघून, "दादा, माझं नाव खराब करतो का तू?"

आता साडूने जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. तो बाकावर चढला आणि व्याख्यान देऊ लागला. "मंडळी, गैरसमज होतोय. आपण नारळ वाढवतो, दुकान वाढवतो, बांगडी वाढवली म्हणतो. अभद्र बोलू नये म्हणून! तसंच हे बिल वाढवायचं. मराठी आहे हो ही, आपलीच आहे!" दोन-चार माना डोलल्या. मला वाटलं, जिंकला. तेवढ्यात मागच्या टेबलावरच्या एका बाईंनी विचारलं, "अहो, पण बांगडी वाढली की नवी घ्यावी लागते. मग बिल वाढलं की नवं घ्यायचं का?" त्यानंतर जो हशा झाला त्यात काकीसुद्धा हसायला लागल्या, आणि भांडण तिथल्या तिथे विरघळलं. पाण्याच्या जगला टेकवलेल्या फोनमधून ती मुलगी विचारत होती, सगळे इतके उत्साहात का आहेत म्हणून. साडूने खाली उतरून, घाम पुसत, तिला सांगितलं, "एंगेजमेंट आहे." तिने अभिनंदन केलं. कोणाचं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

गंमत अशी की त्या दिवशी बाकी सगळं बिनचूक चाललं. दाबलं की पैसे पोचत होते. कुठे अडलं नाही, कुठे चुकलं नाही. कंपनीला ते फार आवडलं. एवढं चांगलं चालतंय तर त्याच्यावर 'पे' लिहिलं की पुरे, मराठीची गरज लोकांना दिसत नाही, असा निरोप आला, आणि त्याच निरोपात शाबासकीबरोबर बंगळूरला हजर व्हायची तारीखही होती. साडूने मला फोन केला तेव्हा मी त्याचं सांत्वन करायच्या तयारीत होतो. तो म्हणाला, "दादा, 'बिल भरा'च ठेवायला हवं होतं का हो?" मी म्हटलं, "नाही. मीटर आठवला असता." तो हसला. मला त्याच्या हसण्याने फार वाईट वाटलं. मराठी गेली म्हणून नव्हे, एवढा मोठा मी नाही. माझा माणूस चालला होता म्हणून.

मेहुणीच्या शिकवण्या आणि पोरांच्या शाळा इथेच, म्हणून तो एकटाच गेला. जायच्या सकाळी मी फुलपाड्याला गेलो, तर हा खाली रस्त्यावर उभा राहून आपल्या बिल्डिंगकडे बघत होता. सामान रिक्षात चढलेलं. मेहुणी म्हणाली, "चला, उशीर होतोय." तो म्हणाला, "हो, हो," आणि आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिला.

परवा रविवारी आम्ही काकींकडे गेलो होतो. टेबलांवर चौकोन आता कायमचे चिकटले आहेत, बटणावर 'पे' आहे, आणि त्यावरून कोणाचं कोणाशी वाकडं येत नाही. काकींनी विचारलं, "तुमचं साडू कवा येतीन?" मी दिवाळी म्हणालो. जेवण झालं, मी फोन धरला, दाबलं, झालं. बायकोने पर्स घेतली. आणि तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"कुठे आहात दादा?"

"काकींकडे. बोंबील खाल्ले."

"वा! मग आता?"

"आता काय, दिले पैसे. निघालो."

त्याच्या मागे कुठल्या तरी मोठ्या खोलीचा घुमणारा आवाज येत होता.

"इतक्यात?" तो म्हणाला. "दादा, मी ते बटण फारच झटपट केलं हो. थोडं हळू चालायला हवं होतं."

मी पुन्हा खुर्चीत बसलो. बायकोनेही पर्स खाली ठेवली. "काकी बडीशेप आणतायत," मी त्याला सांगितलं, "तोवर बोला." काकी भाकऱ्या थापत होत्या, आमच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. तो बोलत राहिला.